भाषा सोडून बेरीज

तंजावूर
२७ मे १९९५, शनिवार

अण्णा,

साष्टांग नमस्कार, इकडे सर्व क्षेम, तिकडचं कळव, हे सगळं मी नीट लिहिलंय असं धरून चाल. मला दम नाही. मी शाळेत पहिली आले.

बाराशेपैकी अकराशे सात. दुसरी लक्ष्मीप्रिया, अकराशे चार. तू तिला पाहिलेलं नाहीस. तू गेल्यानंतर ती अकरावीला आमच्या शाळेत आली, तिरुवैयारूच्या पलीकडच्या गावातून, रोज दोन बस करून. दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो आणि शेवटी फरक पडला तो तीन मार्कांचा.

व्हरांड्यात यादी लावली तेव्हा पुढं एवढी गर्दी की मला कागदच दिसेना. केमिस्ट्रीच्या मिसनी मागं वळून एक बोट वर केलं. मला वाटलं, एका विषयात गेले. मग त्या हसल्या. तिथून राजवाड्याच्या आपल्या गल्लीपर्यंत सायकल कशी चालवली ते मला आठवत नाही. अप्पा दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, पेपर वाचत बसले होते. मी आकडा सांगितला. त्यांनी पेपरची चार पदरी घडी केली, आत जाऊन शर्ट चढवला आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगून आले. आपले अप्पा, कलेक्टर ऑफिसचे सुपरिंटेंडेंट वेंकटराव, जे दिवाळीलासुद्धा कुणाची पायरी चढत नाहीत. येताना अशोका हलव्याचा पुडा घेऊन आले, अजून गरम.

समारंभ अठरा जूनला आहे. पदक मिळेल, हॉलमधल्या लाकडी फळ्यावर सोनेरी रंगात नाव लागेल, पण खरी गोष्ट वेगळीच आहे. माजी विद्यार्थिनी संघ दर वर्षी पहिल्या मुलीला मद्रासच्या कॉलेजात पाठवतो. होस्टेल, जेवण, पुस्तकं, तीन वर्षं सगळं त्यांच्याकडून. अशी एकच सीट असते. मी मद्रासला जाणार, अण्णा. मॅथ्स घेणार. रोज संध्याकाळी समुद्र बघणार.

बसस्टँडजवळ नवा एसटीडी बूथ झालाय, तिथून तुझ्या कंपनीत फोन केला. एका बाईनं हिंदीत काहीतरी विचारलं. मला एक अक्षर कळलं नाही. 'प्रणवेश, तंजावूर' असं तुझं नाव-गाव दोनदा सांगून मी ठेवून दिला. म्हणून हे पत्र. घरी मराठी आपण नुसती बोलायचो, लिहायला कुणी शिकवली नव्हती; संस्कृत घेतल्यानं मला देवनागरी आली आणि पुण्यात राहून तुला, हे बरं झालं. माझ्या मराठीला हसू नकोस. तुझी आता तिकडची झाली असेल.

अप्पांनी तुझं नाव काढलं नाही. आज काढतील असं मला उगाच वाटलं होतं. आईनं हलव्याचा एक वाटा वेगळा झाकून ठेवला आणि संध्याकाळी तो मलाच दिला.

अठराला ये.

शांभवी


३१ मे, बुधवार

अण्णा,

मार्कशीट आली आणि मी हलवा घेऊन लक्ष्मीप्रियाच्या घरी गेले. कालवे अजून कोरडे आहेत, मुलं कालव्याच्या तळाशी क्रिकेट खेळत होती. तिचे वडील देवळात तविलचा ढोल वाजवतात, ते घरी नव्हते. तिच्या आईनं मला चटई घातली, ताक दिलं आणि समोर बसून विचारलं, "आमचे ते तीन मार्क कुठं गेले गं?" आवाजात राग नव्हता. मुलीची वही कुठं राहिली असं विचारावं, तसं विचारलं.

म्हणून आम्ही दोन्ही मार्कशीट जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या. फिजिक्समध्ये ती १९१, मी १८६. केमिस्ट्रीत ती १९०, मी १८४. मॅथ्स तिचं १९८, माझं १९२. बायॉलॉजीत तर ती माझ्यापुढं दहानं. फक्त इंग्रजीत मी पाच मार्कांनी वर. आणि मग भाषा. तिची तमिळ, १६९. माझं संस्कृत, १९४.

मी तिथंच बोटांवर बेरीज केली. भाषा सोडली तर ती ९३५ आणि मी ९१३. बावीस मार्कांनी ती पुढं आहे.

तमिळमध्ये १६९ हे आमच्या शाळेत सगळ्यात जास्त आहेत. त्याहून जास्त तिथं मिळतच नाहीत, कितीही छान लिहा. आणि मी संस्कृतात काय केलं? श्लोक पाठ केले, शब्द चालवले आणि अर्धीअधिक उत्तरं इंग्रजीत लिहून आले. तसं चालतं. मला संस्कृतात पाणी मागता येणार नाही, अण्णा.

"तुला हे माहीत होतं?" मी तिला विचारलं.

"अकरावीला आले त्याच दिवशी. ऑफिसात म्हणाले होते, संस्कृत घे, मार्क पडतात."

"मग का नाही घेतलंस?"

"मला तमिळ आवडते." ती म्हणाली, जसं काही याच्यापुढं विचारण्यासारखं काही नाहीच.

निघताना तिची आई मला बसपर्यंत सोडायला आली, तेव्हा बाकीचं कळलं. पट्टुकोट्टैला आत्याचा मुलगा आहे, इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सीट मिळाली असती तर शिकली असती. आता आवणी महिन्यात, म्हणजे ऑगस्टअखेरीस, लग्न. मुलगा वाईट नाही, असं ती दोनदा म्हणाली.

मी लक्ष्मीप्रियाला सांगून आले की ती सीट तुला मिळायला पाहिजे. स्पष्ट सांगितलं.

शांभवी


५ जून, सोमवार

अण्णा,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. ताक प्यायले, हलव्याचा डबा रिकामा करून घेतला आणि बसमध्ये बसले. सगळ्या वाटेनं मी स्वतःला समजावत होते की नियम म्हणजे नियम. तुला लिहिताना मात्र लाज वाटली, म्हणून जे बोलायला हवं होतं ते बोलले असं लिहून टाकलं. पत्र पेटीत पडल्यावर वाटलं, आता लिहिलंच आहे तर खरं करावं लागेल.

तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही.

शुक्रवारी हेडमिस्ट्रेसकडे गेले. त्यांनी दोन्ही मार्कशीट पाहिल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "शांभवी, नियम सगळ्यांना एकच होता आणि सगळ्यांना आधीपासून माहीत होता. निकालानंतर तो बदलला तर त्याला न्याय म्हणतात का?" याचं उत्तर मी अजून शोधतेय. पण त्यांच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा मला जास्तच चेव चढला होता.

शनिवारी लक्ष्मीप्रियाला गाठलं आणि म्हटलं, मी सीट सोडते, ती आपोआप दुसरीला जाते. ती विहिरीवर भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू दिलेली मी घेणार नाही. पुढं तीन वर्षं मी जेवायला बसले की मला आठवेल, हे शांभवीनं सोडलेलं ताट आहे. माझी असेल तर मला दे म्हणावं त्यांना. नसेल तर राहू दे."

म्हणजे झालं काय बघ. दान देणं सोपं होतं, आणि तेच तिनं बंद करून टाकलं.

मग काल भागीरथीअक्कांकडे गेले. वरच्या गल्लीतल्या, माजी विद्यार्थिनी संघाच्या चिटणीस, सत्तरीच्या आहेत. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पदक शाळेचं, त्यात आम्हाला हात घालता येत नाही. सीट आमची. ती कशावरून द्यायची हे आम्ही ठरवू शकतो. अकराला सभा आहे, अर्ज लिहून आण. पण अर्ज तुझाच हवा. त्या मुलीनं लिहिला तर हरलेलीची कुरकुर होईल. तू लिहिलास तर कुणाला तसं म्हणता येणार नाही." आणि मी दारात असताना म्हणाल्या, "खाली वडिलांची सही लागेल."

अप्पांची सही. मला हसूच आलं.

तरी घरी येऊन अर्ज लिहायला बसले. फुलस्केप कागद संपले होते म्हणून अप्पांचं कपाट उघडलं. कागदांच्या खाली तुझ्या शाळेचा अंक होता, १९८९ चा, बारावीच्या पहिल्या तिघांचे फोटो असलेला. तुझा तिसरा. मिशी नुकती आलेली. फोटोंखाली विषयवार मार्क छापलेत. गेले पाच-सहा दिवस मी दुसरं काही करतच नाही, म्हणून डोळे आपोआप बेरीज करायला लागले. पहिल्याचं संस्कृत १९२. दुसऱ्याचं फ्रेंच १८७. तुझी तमिळ १५८.

पण मला बेरीज करावी लागली नाही. ती केलेली होती. समासात, पेन्सिलीनं, भाषा सोडून. ८७९. ८७३. ८९४. आठशे चौऱ्याण्णव तू. आणि सातच्या पोटात आडवी रेघ होती. आपल्या घरात तशी रेघ कोण मारतं ते तुला मी सांगायला नको.

अण्णा, तू पहिला होतास. पंधरा मार्कांनी. आणि हे सहा वर्षांपासून आपल्या घरात लिहिलेलं होतं.

शांभवी


८ जून, गुरुवार

अण्णा,

जसं झालं तसं लिहिते, काही गाळत नाही.

मंगळवारी सकाळी अप्पा फिल्टरची कापी पीत होते. मी अंक त्यांच्यापुढं उघडून ठेवला, शेजारी माझा अर्ज. आई चुलीपाशी होती, तिनं पळी खाली ठेवली.

"हे तुम्ही कधी केलंत?" मी विचारलं.

त्यांनी आकड्यांकडे पाहिलं. "अंक आला त्या दिवशी."

"म्हणजे अण्णा पहिला होता हे तुम्हाला ठाऊक होतं."

"फळ्यावर नव्हता."

"अप्पा."

त्यांनी टंबलर खालच्या डबऱ्यात, त्या पसरट वाटीत, ठेवलं. "ठाऊक होतं. म्हणून तर तुला संस्कृत घ्यायला लावलं."

"आणि अण्णाला? त्याला का नाही सांगितलंत? येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही 'हा आमचा थर्ड रँक' म्हणून ओळख करून द्यायचात. पुण्याची नोकरी लागली तेव्हा काय म्हणालात, मी दाराशी उभी होते. पहिला आला असतास तर एवढ्या लांब जाऊन कुणाचे नटबोल्ट मोजायची वेळ आली नसती."

मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी अंक मिटून बाजूला ठेवला. मग ते जे बोलले ते मी तेव्हाच पाठ करून ठेवलं, कारण ते तुझ्यासाठी होतं.

म्हणाले, "दहावीनंतर तो मला विचारायला आला होता. संस्कृत घेऊ की तमिळ. मी म्हटलं, आवडतं ते घे. नंतर बेरीज केली, तर चूक माझी निघाली. त्याची काहीच नव्हती. ते त्याला सांगायचं म्हणजे आपल्या तोंडानं आपली चूक सांगायची. त्यापेक्षा त्याला बोलणं सोपं गेलं. रोज थोडं थोडं सोपं होत गेलं."

आई पदर तोंडाला लावून मागच्या अंगणात गेली.

मग त्यांनी माझा अर्ज उचलून वाचला. ऑफिसात वाचतात तसा, बोट ओळीखाली धरून. "मान्य झालं तर तुझी सीट जाईल."

"हो."

"तुला मद्रासला जायचं नाही?"

"जायचंय," मी म्हटलं. "फार जायचंय." आणि मग मला रडू फुटलं. इतके दिवस नुसती पळत होते, रडायचं राहूनच गेलं होतं.

त्यांनी सही केली नाही. अर्ज डब्याच्या पिशवीत घालून ऑफिसला निघून गेले. संध्याकाळी आले ते तीन प्रती टाइप करून. माझे दोन स्वल्पविराम दुरुस्त केले होते, दोघींच्या मार्कांचा तक्ता आखून जोडला होता, आणि तिन्ही प्रतींवर सही होती. वेंकटराव, पालक.

म्हणाले, "एक प्रत आपल्याकडे राहू दे. सभेत कागद हरवतात."

शांभवी


१२ जून, सोमवार

अण्णा,

तुझं कार्ड शनिवारी आलं. पोस्टमननं ते अप्पांच्या हातात दिलं. अक्षर ओळखून त्यांनी ते माझ्यापुढं धरलं. तीन वर्षांत घरी आलेली तुझी पहिली ओळ, आणि त्यात तू मला रागावलायस. 'सीट सोडू नकोस. मी सगळं सोडून आलो, त्यात कुणाचं भलं झालं नाही.' मी ते वीस वेळा वाचलं. माझी दोन पत्रं तुला त्यानंतर मिळाली असतील. तरीही हेच म्हणशील का ते मला ठाऊक नाही. म्हणशीलही.

काल सभा झाली. नऊ बायका, एक पंखा. मला आत बोलावलं. एक बाई म्हणाल्या, "संस्कृत शिकणं हा गुन्हा आहे का?" मी म्हटलं, नाही, संस्कृतात पहिली आल्याचं वेगळं बक्षीस द्या, तेही मीच घेईन. दोघी हसल्या. दुसऱ्या एकींनी हेडमिस्ट्रेसचाच प्रश्न विचारला, निकालानंतर नियम बदलायचा का. तोपर्यंत मला उत्तर सापडलं होतं. म्हटलं, "बदलल्यानं ज्या मुलीचं नुकसान होणार ती एकटी मी आहे, आणि मीच मागतेय. पुढच्या वर्षी जिचं नुकसान होईल ती मागणार नाही. म्हणजे हे एक तर आत्ता होईल, नाही तर कधीच नाही." हे माझ्या तोंडून कुठून आलं मला माहीत नाही.

मला बाहेर बसवलं. अर्ध्या तासानं भागीरथीअक्का आल्या. "सगळ्या मुली जे पाच पेपर सारखे लिहितात, त्यांच्या बेरजेवर. याच वर्षीपासून. सहा विरुद्ध तीन."

मी तिथून धावतच बसस्टँडवर गेले. लक्ष्मीप्रिया चारच्या बसनं येऊन थांबणार होती, निकाल काही लागो. ती फळवाल्याच्या बाजूला उभी होती. मी सांगितलं. ती एकदम पायरीवर बसली.

"मतं किती पडली?" तिनं विचारलं.

"सहा विरुद्ध तीन."

तिनं जरा विचार केला. "तुझं मत धरून?"

"मला मत नव्हतंच."

"मग घेते," ती म्हणाली, आणि माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आम्ही दोघी तिथं बसून वेड्यासारख्या हसत होतो आणि फळवाला आम्हाला उठवत होता. तिला आता आत्याला सांगायचं होतं, वडिलांना सांगायचं होतं, होस्टेलला कुठली पेटी न्यायची ते ठरवायचं होतं. मी तिला तिरुवैयारूच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून तिनं ओरडून विचारलं, मद्रासला खरंच कॉलेजातून समुद्र दिसतो का. मी म्हटलं, तू बघून मला लिही.

बस गेल्यावर मात्र मी मद्रासच्या गाड्या सुटतात तिकडे जाऊन उभी राहिले. तेही लिहून ठेवते. मी इथल्याच कॉलेजात मॅथ्सला नाव घातलंय.

शांभवी


१९ जून, सोमवार

अण्णा,

काल समारंभ झाला. तू आला नाहीस. मी दर थोड्या वेळानं हॉलच्या दाराकडे बघत होते, अप्पाही बघत होते.

पदक मी परत केलं नाही. करावं असं वाटलंच नाही. जो नियम होता त्यानं ते माझं होतं, ते मिळवायला मी पहाटे उठले होते, आणि ते गळ्यात पडलं तेव्हा मला फार आनंद झाला. फळ्यावरही माझंच नाव आहे. हेडमिस्ट्रेसनी हात मिळवताना हळूच म्हटलं, "मला अजून पटलेलं नाही." मी म्हटलं, "मॅडम, मलाही सगळं पटलेलं नाही." त्या हसल्या.

मग भागीरथीअक्कांनी सीट जाहीर केली आणि का ते दोन वाक्यांत सांगितलं. लक्ष्मीप्रिया मोरपंखी पावाडै-दावणी, परकर आणि ओढणी, नेसून आली होती. तिचे वडील शेवटच्या रांगेत होते. ती स्टेजवर चढताना पहिली टाळी कुणी वाजवली ते मी वरून पाहिलं. अप्पांनी. आणि ते उभे राहून वाजवत होते. त्यांना बघून गल्लीतले लोक उठले, मग सगळा हॉल.

घरी आल्यावर त्यांनी शर्ट काढला नाही. तिण्णैवर बसले आणि आईला विचारलं, "मद्रासहून पुण्याची गाडी किती वाजता असते?"

आई उठली. आत जाऊन तिनं इडल्यांसाठी डाळ-तांदूळ भिजत घातले, प्रवासासाठी.

मी म्हटलं, पत्र लिहा ना अप्पा, नाहीतर मी लिहिते, तुम्ही सांगा. ते म्हणाले, "त्याला बोललो तोंडानं. मग हे कागदावर कसं चालेल?" तिथं जाऊन काय म्हणणार विचारलं, तर म्हणाले, "जे तुला सांगितलं तेच. खरं तर ते आधी त्याला सांगायला हवं होतं."

म्हणून हे पत्र पोस्टानं येत नाहीये. ते घेऊन आलेला माणूस तुझ्या समोर आहे. दोन दिवसांचा प्रवास झालाय, गुडघा दुखत असेल, आणि तू वाचत असताना तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत असेल. त्याला सुरुवात कशी करायची ते माहीत नाही. मद्रासपर्यंत गाडीत तेच जुळवत बसणार असं आईला म्हणाला होता.

तू त्याला माफ कर असं मी लिहीत नाही. ते तुझं तू बघ. मला एवढंच हवंय की त्याचं वाक्य अर्धं तुटलं तर तू घाई करून ते पुरं करू नकोस. त्याचं त्याला पुरं करू दे.

आता हा कागद खाली ठेव.

शांभवी